पार्टी मिळाली का?

पहाटे ५:५०. मुख्य दरवाज्यातली दिंडी उघडते आणि कंपाउंडर वाकून आत येतात. हुद्दा औषधनिर्माण अधिकारी, पगारपत्रकावर तसंच लिहिलेलं असतं. पण साहेबांपासून कैद्यांपर्यंत सगळे कंपाउंडरच म्हणतात, आणि आता फोनवर तेही स्वतःची ओळख तशीच करून देतात. वय त्रेपन्न. नोकरी एकवीस वर्षांची, त्यातली चौदा तुरुंगांत. गेटवरचा शिपाई डबा उघडतो, पोळ्यांची चवड उचलून खाली बघतो, भाजीत चमचा फिरवतो. मोबाइल लॉकरमध्ये. पाकिटातले पैसे मोजून वहीत: एकशे ऐंशी रुपये. स्कूटरची किल्ली जमा. मग अंगझडती. दिंडी लागल्याशिवाय पुढचा दरवाजा उघडत नाही. दोन्ही दरवाजे एका वेळी उघडे राहता कामा नयेत, हा इथला पहिला नियम. तो स्ट्रेचरलाही लागू आहे.

महाराष्ट्रातलं हे एक मध्यवर्ती कारागृह. नाव छापायचं नाही, या अटीवर मला दिवसभर त्यांच्या मागे फिरू दिलं. माझाही मोबाइल लॉकरमध्येच गेला. वेळा मनगटी घड्याळावरून टिपल्या आहेत, एखादं मिनिट इकडेतिकडे.

६:१०. दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक औषधांचं कोठार आणि पलीकडे वीस खाटांची हॉस्पिटल बराक. पहिलं काम फ्रीज. आतल्या थर्मामीटरवर सात अंश. इन्सुलिनला दोन ते आठ चालतं. ‘‘रात्री लाइट गेली होती?’’ रात्रपाळीचा ब्रदर सांगतो, ‘‘दीड तास. बर्फाची पाकिटं लावली होती.’’ ब्रदर कंत्राटी आहे, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर. हातात अठरा हजार पडतात. मागची ऑर्डर संपली आणि नवी यायला वेळ लागला, तेवढे दिवस तो बिनपगारी येत राहिला. आला नसता तर जागा दुसऱ्याला गेली असती.

६:३०. बराकी उघडल्या, गिनती झाली. इन्सुलिनवाले एकोणीस जण शिपायाबरोबर ओळीने येतात. बराकीत सुई ठेवता येत नाही, इन्सुलिनचं पेन नाही, साखर बघायचं यंत्रही नाही. बाहेरचा माणूस हे काम स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून दोन मिनिटांत उरकतो. इथे त्याला कुलूप, शिपाई, रांग आणि सही लागते, तेही दिवसातून दोनदा. लाल टोपणाच्या एकोणीस सिरिंजा कंपाउंडर मोजून ट्रेमध्ये मांडतात.

साखर तपासायच्या पट्ट्या मात्र सगळ्यांना पुरत नाहीत. बाहेर एका पट्टीला पंधरा रुपये पडतात. सरकारी डबे आले की दोन आठवडे सुकाळ, मग निवडानिवड. आज सात पट्ट्या काढल्या आहेत. डोस बदललेले तिघे, पायाची जखम न भरणारे दोघे, रात्री घाम फुटलेला एक. सातवी कोणाला? कंपाउंडर रांगेवरून नजर फिरवतात आणि एका चिडचिड्या म्हाताऱ्याला पुढे बोलावतात. ‘‘हा भांडायला लागला की साखर खाली असते.’’ यंत्र दाखवतं ६४. म्हाताऱ्याला आधी दोन चमचे साखर घातलेलं पाणी मिळतं.

नावं पुकारणं, पोटावरची जागा पुसणं, वही भरणं ही कामं एक पक्का कैदी करतो. पक्का म्हणजे शिक्षा लागलेला. खटला चालू असलेले ते कच्चे, आणि तेच संख्येने जास्त. २०२२ च्या सरकारी आकडेवारीत देशातल्या दर चार कैद्यांमागे तिघे कच्चे होते. या मदतनिसाला जन्मठेप आहे. आठ वर्षं झाली. कैद्यांची मजुरी ऑगस्ट २०२३ मध्ये वाढली: कुशल ७४, अर्धकुशल ६७, अकुशल ५३. तो अकुशलमध्ये बसतो. सव्वीस दिवस भरले तर १,३७८ रुपये. रक्तदाब तो अचूक घेतो, पण त्यासाठी वेगळी श्रेणी नाही. सुईला मात्र त्याने हात लावायचा नाही, हा कंपाउंडरांचा स्वतःचा नियम.

एकोणीस टोचल्या, एकोणीस परत आल्या. सुया कापायच्या यंत्रातून पांढऱ्या डब्यात. सह्या झाल्या. ‘‘नाश्ता लगेच खा रे,’’ ते पाठमोऱ्या रांगेला सांगतात.

७:३०. गोळ्यांची फेरी. क्षयाचे चौघे, मनोविकाराचे अडतीस, एचआयव्हीच्या एआरटी गोळ्यांचे अकरा. गोळी हातात द्यायची आणि समोर गिळायला लावायची. ‘‘आ कर. जीभ वर. डावीकडे.’’ झोपेची गोळी गालात दडवून बराकीत नेली की तिला भाव येतो. एका गोळीला दोन बिस्किटपुडे, असं मदतनीस सांगतो आणि मग सांगायला नको होतं असा चेहरा करतो. काही गोळ्या म्हणूनच कुटून पाण्यातून दिल्या जातात. कुटून चालणाऱ्या कोणत्या आणि न चालणाऱ्या कोणत्या, याची यादी भिंतीवर चिकटवली आहे, कंपाउंडरांच्या अक्षरात.

एआरटीवाल्यांना वेगळी रांग नाही. ते रक्तवाढीच्या गोळ्यांच्या रांगेत मिसळून येतात, आणि त्यांच्या गोळ्या तशाच साध्या कागदी पुडीतून जातात. वेगळी रांग लावली तर संध्याकाळपर्यंत साऱ्या बराकीला कळतं, आणि मग त्या माणसाशेजारी पथारी टाकायला कोणी तयार होत नाही.

क्षयाच्या चौघांपैकी तिघेच आले. पन्नास ते चौसष्ट किलो वजनाला रोज चार गोळ्या, सहा महिने, खाडा नाही. चौथा कुठे? शिपाई रजिस्टर बघून येतो. ‘‘काल जामीन झाला. साडेसातला सुटला.’’ दवाखान्याला कोणी कळवलं नाही. सुटकेच्या कागदांवर कोर्टाचा शिक्का लागतो, अधीक्षकांची सही लागते, कंपाउंडरांची लागत नाही. त्याच्या दोन महिन्यांच्या गोळ्या झाल्या होत्या, चार महिने बाकी. ते वहीतून पत्ता शोधतात. पत्ता आहे ‘स्टेशनजवळ’. जिल्हा क्षयरोग कार्यालयाला लँडलाइनवरून कळवायचं, असं टिपणवहीत लिहितात. लँडलाइन जेलरच्या खोलीत आहे आणि जेलर दहानंतर येतात.

रांगेच्या शेवटी एक कंपवाताचा रुग्ण. हात इतके थरथरतात की स्टीलच्या पेल्यातलं पाणी गोळीआधीच सांडतं. त्याच्यासाठी कपाटात झाकणाचा प्लॅस्टिकचा पेला ठेवलेला आहे, नळीवाला. साधी वस्तू. नोव्हेंबर २०२० मध्ये तळोजा कारागृहातून फादर स्टॅन स्वामींनी अशाच पेल्या-नळीसाठी कोर्टात अर्ज केला होता. वय त्र्याऐंशी, आजार हाच. ५ जुलै २०२१ ला ते वांद्र्याच्या रुग्णालयात वारले, तेव्हाही कच्चेच कैदी होते. इथल्या पेल्याला अर्ज लागला नाही, कंपाउंडरांनी तो घरून आणला. गेटवर मात्र त्याची नोंद आहे: ‘प्लॅस्टिक पेला, १’.

८:४५. डॉक्टर आले. मंजूर पदं तीन, भरलेलं एक. आदर्श कारागृह नियमावली, २०१६ म्हणते तीनशे कैद्यांमागे एक डॉक्टर असावा. इंडिया जस्टिस रिपोर्टच्या २०२५ च्या अहवालात देशाची सरासरी निघाली ७७५ कैद्यांमागे एक. या डॉक्टरांच्या वाट्याला त्याहून जास्त येतात. ते आकडा सांगत नाहीत, स्टेथोस्कोप कानाला लावतात. पुढच्या पावणेतीन तासांत ९४ माणसं तपासली जातील.

अंगदुखी. मूळव्याध. पित्त. दाढ. ‘‘झोप लागत नाही साहेब.’’ हे वाक्य दर पाच जणांत एकाचं. मानसोपचारतज्ज्ञ जिल्हा रुग्णालयातून पंधरवड्याने येतात, आले तर. त्याच अहवालानुसार देशभरच्या तुरुंगांत मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ मिळून २५ आहेत, पावणेसहा लाख कैद्यांना. डॉक्टर ‘‘झोप का लागत नाही?’’ असं विचारत नाहीत. विचारलं तर पुढचे ऐंशी उरतील.

काहींना आजार नसतो, भूक असते. हॉस्पिटलच्या आहारात दूध आणि अंडी असतात. खाट आणि पंखा असतो. ‘मेडिकल लावा ना साहेब’ म्हणजे हे लावा. कोण खरा, कोण खोटा, हे ठरवण्यात डॉक्टरांची निम्मी ताकद जाते. मग एखादा खरा तरुण खोट्यांच्या ढिगात जातो. हे मी म्हणतो, डॉक्टर म्हणाले नाहीत.

९:४०. खाज. आता एकेक नाही, आठ जण एकदम, सगळे एकाच बराकीचे. बोटांच्या बेचक्यांत पुरळ, मनगटावर, बेंबीभोवती, जांघेत. ओरखडे पिकलेले. ‘‘रातको सोने नहीं देता साब.’’ खरूज आहे, त्याला डॉक्टर लागत नाही, लांबूनही कळते.

बराकीच्या दारावर पाटी आहे: क्षमता ५०. आत ११२. रात्री माणसं कुशीवर झोपतात, एकाने कूस बदलली की सगळी ओळ बदलते. खरजेचा किडा अंगाला अंग लागलं की पलीकडे जातो. आठ जणांना मलम लावून काही होत नाही, सातव्या दिवशी तेच आठ आणि आणखी सहा परत येतात. ते एकाच रात्री एकशे बाराही जणांना लावावं लागतं, मानेपासून तळपायापर्यंत, आणि आठवड्याने पुन्हा. कंपाउंडर कागदावर हिशोब मांडतात. माणशी एक ट्यूब, दोन वेळा: २२४ ट्यूब. बाहेर एका ट्यूबला ऐंशी-नव्वद रुपये. कोठारात आहेत साठ.

मग आयव्हरमेक्टिन. साठ किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम, एक गोळी आज, एक पुढच्या आठवड्यात. गोळ्या आहेत. ट्यूब ज्यांचं अंग पिकलं आहे त्यांना ठेवायच्या. डॉक्टर मान डोलावतात, हा भाग सुटला.

घोंगड्यांचा भाग सुटत नाही. अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवस जगतो. घोंगड्या उकळायच्या किंवा बांधून तीन दिवस बाजूला ठेवायच्या. बांधून ठेवल्या तर एकशे बारा माणसांनी अंथरायचं काय? जादा घोंगड्या नाहीत. उकळायला पाणी आणि सरपण स्वयंपाकघरातून मागावं लागेल, आणि तिथे दीड हजारांवर माणसांच्या डाळीचं आधण आहे. उरलं ऊन. पण दोरी बांधायला इथे बंदी आहे, कारण दोरी ती दोरीच. तटाच्या बाजूला काही टाकायचं नाही. मधल्या मैदानात पसरायच्या तर तिथे राखणीला शिपाई हवा. सुभेदारांशी बोलणं होतं. सुभेदार नाही म्हणत नाहीत, शिपाई मोजतात. चौघे कोर्टाच्या कामाला, दोघे रजेवर, एक गेटला. ‘‘रविवारी बघू. रविवारी कोर्ट नसतं.’’

आज मंगळवार. गोळ्या रविवारपर्यंत थांबवायच्या, म्हणजे औषध आणि ऊन एका दिवशी होईल. तोवर आठ जणांना कॅलामाइन आणि खाजेची गोळी. त्यातला एक पोरगा, विशीचा असेल, वळून पुन्हा विचारतो, ‘‘साब, आज रात का क्या?’’ कंपाउंडर त्याला एक गोळी जादा देतात.

१०:५०. ‘‘पार्टी मिळाली का?’’

हा प्रश्न मी दिवसभर ऐकणार आहे. पार्टी म्हणजे पोलीस मुख्यालयाकडून येणारं बंदोबस्ताचं पथक, गाडीसह. कैद्याला बाहेर न्यायचं तर कारागृहाचे शिपाई चालत नाहीत, पोलीस लागतात. कोर्टासाठी पार्टी, सिव्हिल हॉस्पिटलसाठी पार्टी. दोन्ही एकाच मुख्यालयातून. कोर्टाची तारीख चुकली तर न्यायाधीश विचारतात. दवाखान्याची चुकली तर कोणीच विचारत नाही.

आज सहा जण जायचे आहेत. अठ्ठावन्न वर्षांचा एक जण कपडे करून, हातात फाइल घेऊन सात वाजल्यापासून ओट्यावर बसला आहे. इकोची तारीख आहे. ही तिसरी तारीख. पहिल्या वेळी पार्टी आली नाही. दुसऱ्या वेळी आली, पण पोचेपर्यंत इकोचा विभाग बंद झाला होता. आज सकाळी कोणी मंत्री शहरात येणार आहेत आणि मुख्यालयातले सगळे तिकडे गेलेत. सव्वाअकराला जेलरच्या खोलीतून निरोप येतो: दोन पार्ट्या, दोन्ही कोर्टाला. इकोवाला उठतो, फाइल कंपाउंडरांच्या टेबलावर ठेवतो आणि काही न बोलता बराकीकडे जातो. भांडला असता तर बरं वाटलं असतं, असं कंपाउंडर म्हणतात.

दुसरी बाजू त्यांना ठाऊक आहे. २ ऑक्टोबर २०२३ ला पुण्याच्या ससून रुग्णालयातून अमली पदार्थांच्या गुन्ह्यातला एक आरोपी पळाला. कित्येक महिने तो तिथे उपचारासाठी म्हणून राहिला होता. त्यानंतर बाहेरच्या दवाखान्याच्या प्रत्येक चिठ्ठीकडे वरून संशयाने बघितलं जातं. ‘‘ज्याची वट असते त्याचा आजार लवकर मोठा होतो,’’ ते म्हणतात. ‘‘याला वट नाही. याचा आजार खराच आहे.’’

११:४०. महिला विभाग. महिला शिपाई पुढे, दिवसपाळीचा ब्रदर मागे, कंपाउंडर दाराशी. एकतीस बायका, तीन लेकरं. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईजवळ राहू शकतं. एका मुलाची लस राहिली आहे. लस देणाऱ्या ताई महिन्यातून एकदा आत येतात, त्या दिवशी त्याला ताप होता. सहाव्या महिन्यातली एक बाई सोनोग्राफीचं विचारते. कंपाउंडर म्हणतात, नाव यादीत आहे.

१२:००. दुपारची बंदी. बराकी कुलूपबंद, तीनपर्यंत. कंपाउंडर डबा उघडतात. सकाळी फिरवलेल्या चमच्याने भाजीचा रस्सा पोळ्यांना लागला आहे. जेवता जेवता कोठाराची वही. मेटफॉर्मिन भरपूर. अॅम्लोडिपिन बारा दिवसांचं. जंतुसंसर्गाचं एक औषध पुढच्या महिन्यात बाद होणार, त्याचे आठशे डोस पडून. मागितलं दोनशे होतं. मागितलं ते कमी येतं आणि न मागितलेलं जास्त, याची त्यांना सवय आहे. ते जिल्हा रुग्णालयाच्या कोठारातल्या मिश्रकाशी अदलाबदल करतात, तिकडचं अॅम्लोडिपिन इकडे. दोघे एकाच कॉलेजचे. कागद मागाहून होतात. हे लिहू का, विचारलं तर म्हणाले, लिहा, नाव नाही ना लिहिणार.

ईसीजीच्या कागदाचे रोल दोन उरलेत. तेही लिहून ठेवतात.

१:३५. लांबून ओरडा. आधी शब्द कळत नाही. मग एका बराकीतून अनेक आवाज एकदम: ‘‘डॉक्टर! डॉक्टर!’’ आणि गजांवर थाळ्या आपटल्याचा आवाज. ब्रदर पळत सुटतो. बाहेरच्या शिपायाकडे बराकीची किल्ली नाही. बंदीच्या वेळी किल्ल्या सर्कलच्या अधिकाऱ्याकडे असतात आणि अधिकारी नसताना कुलूप काढायचं नाही. ब्रदर गजांतून बघतो. चौतीस वर्षांचा माणूस भिंतीला टेकून बसलाय, छाती धरून, शर्ट घामाने चिकटलेला. ब्रदर गजांतूनच अॅस्पिरिन देतो. ‘‘चाव. गिळू नको, चाव.’’

१:४६. अधिकारी आले, कुलूप निघालं. आधी बाकीच्यांना मागच्या भिंतीशी बसवलं. मग स्ट्रेचर.

१:५५. दवाखाना. डॉक्टर हातातला घास टाकून आलेत. ईसीजी निघतो. डॉक्टरांना आलेली हृदयविकाराची शंका खरी वाटते, पण त्यांना दुसरं मत हवं आहे. बाहेर असते तर ईसीजीचा फोटो काढून सिव्हिलच्या फिजिशियनला पाठवला असता, अर्ध्या मिनिटाचं काम. आत मोबाइल नाही. फोटो पाठवता येईल असा एकच फोन अधीक्षकांच्या कार्यालयात आहे. मदतनिसाला तिकडे जायची मुभा नाही. कंपाउंडर स्वतः पट्टी घेऊन निघतात, त्रेपन्नाव्या वर्षी जितकं पळता येईल तितकं पळत. दोन फाटकं, दोन्हीकडे नाव-वेळ-सही.

२:१२. उत्तर येतं: ताबडतोब पाठवा. आता पार्टी? मुख्यालय म्हणतं, तासाभरात बघतो. अधीक्षक तेवढं थांबत नाहीत. आपले दोन शिपाई आणि कारागृहाची रुग्णवाहिका. पोलिसांनी तिकडे जाऊन ताबा घ्यायचा. हा निर्णय त्यांच्या अंगाशी येऊ शकतो आणि तो त्यांनी मिनिटभरात घेतला, एवढं इथे नोंदवतो.

२:२४. आतला दरवाजा उघडला. गाडी मधल्या जागेत. आतला दरवाजा लागला. कागद तपासले. फोटोवरून चेहरा पडताळला. बाहेरचा दरवाजा उघडला. २:२९.

कंपाउंडर परत येऊन स्टुलावर बसतात. पाणी पितात. ‘‘इथे कोणी दगावला की बघा,’’ ते म्हणतात. ‘‘चोवीस तासांत मानवी हक्क आयोगाला कळवायचं. न्यायदंडाधिकारी चौकशीला येतात. शवविच्छेदनाचं चित्रीकरण होतं. वही मागतात, कोणती गोळी किती वाजता दिली. पार्टीसुद्धा मिळते, तासाभरात.’’ मग उठून अॅस्पिरिनची नोंद करतात: १:३८, गजांतून.

३:१०. बंदी उघडली. एका कोर्टाचा मेल आला आहे. आजारपणाच्या कारणावर जामीन मागितलाय, प्रकृतीचा अहवाल चारपर्यंत पाठवा. डॉक्टर लिहितात, कंपाउंडर फाइल लावतात. ‘उपचार सुरू आहेत, प्रकृती स्थिर आहे.’ मी विचारतो, स्थिर म्हणजे? डॉक्टर पेन थांबवून माझ्याकडे बघतात. ‘‘कालच्यासारखी.’’ बाहेरच्या तज्ज्ञाला दाखवायचं होतं ते दाखवून झालं नाही, हेही ते पुढच्या ओळीत लिहितात, तारखांसकट. हे लिहिणारे सगळेच नसतात.

४:२०. रात्रीचं जेवण वाटायला सुरुवात झाली. चुकून लिहिलेलं नाही, रात्रीचंच. सहाच्या आत गिनती होऊन बराकी बंद व्हायच्या, म्हणून जेवण साडेचारला. माणसं डाळ-भाजी झाकून ठेवतात, पोळ्या कापडात गुंडाळतात, आणि भूक लागली की आठला, नऊला खातात.

इन्सुलिन मात्र आताच घ्यावं लागतं, रांग सहानंतर येऊ शकत नाही. पाचला टोचलं आणि नऊला जेवला, तर मधल्या वेळात साखर कोसळते. घाम, थरथर, बडबड, मग शुद्ध जाते. आणि बराक बंद. शेजारच्याला वाटतं झोपलाय. असं एकदा झालं होतं. माणूस वाचला, कारण बाजूच्याची आई मधुमेही होती आणि त्याला घामाचा अर्थ कळला. त्यानंतर कंपाउंडरांनी आपली पद्धत पाडली. एकोणीस जणांनी थाळ्या घेऊनच दवाखान्यात यायचं. सुई टोचली की ओट्यावर बसायचं, समोर जेवायचं, थाळी रिकामी दाखवून जायचं. पुस्तकात ही पद्धत नाही. तीस मिनिटांची रांग सव्वा तासाची झाली, शिपाई कुरकुरतात.

आज ओट्यावर अठरा थाळ्या. एकोणिसावा म्हणतो, भूक नाही, बायकोचं पत्र आलंय. कंपाउंडर त्याची सिरिंज ट्रेमध्ये तशीच ठेवतात आणि शेजारी जाऊन बसतात. काय बोलतात ते ऐकू येत नाही. दहा मिनिटांनी तो अर्धी पोळी खातो, मग एक. डॉक्टरांना विचारून डोस कमी होतो. जाताना प्रत्येकाला खिशात ठेवायला साखरेची छोटी पुडी मिळते. साखर कंपाउंडर स्वतः आणतात. महिन्याला दोन किलो, नव्वदएक रुपये.

५:४५. कोर्टातून गाड्या आल्या. नवे दाखल चौदा. १८९४ च्या कायद्यापासून हे चालत आलंय: आत येणाऱ्या प्रत्येकाची तब्येत बघायची आणि अंगावरच्या जखमा, खुणा लिहायच्या. वजन, उंची, रक्तदाब, जुने आजार, ओळखीच्या दोन खुणा. ‘उजव्या गालावर तीळ, डाव्या कोपरावर जुना व्रण.’ शर्ट काढायला लावतात. एकाच्या पाठीवर निळे पट्टे. डॉक्टर विचारतात, कशाने? तो बरोबरच्या पोलिसाकडे बघतो. ‘‘पडलो.’’ डॉक्टर पट्ट्यांची लांबी मोजून लिहितात, रंग लिहितात, ‘पडलो असे सांगतो’ लिहितात आणि पोलिसाची सही घेतात. पोलीस सही करायला नाखूश आहे. कंपाउंडर पेन पुढे धरून उभे राहतात. जखम आज लिहिली तर बाहेरची. उद्या लिहिली तर कारागृहातली.

अकराव्याचे हात थरथरताहेत. कंपवात नाही. ‘‘दारू कधी घेतलीस शेवटची?’’ काल सकाळी. ‘‘रोज किती?’’ तो हसतो. पहिल्या दिवशी थरथर, दुसऱ्या दिवशी फीट येऊ शकते, तिसऱ्या दिवशी भिंतीवर साप दिसायला लागतात. मग तो ओरडतो, बराक त्याला वेडा ठरवते, कधी मारते. त्याला बराकीत पाठवायचं नाही. हॉस्पिटल बराकीत खाट हवी आणि विसाही खाटा भरल्यात. डॉक्टर यादीवरून बोट फिरवतात, पाठदुखीवाल्या एकावर थांबतात. त्याची ओळख वरपर्यंत आहे, असं मदतनीस पुटपुटतो. ‘‘उठव त्याला,’’ डॉक्टर म्हणतात. पाठदुखीवाला उठतो, चालतो, अगदी सरळ चालतो.

७:४०. खरं तर कंपाउंडरांची ड्यूटी कधीच संपली. ते उद्याची पार्टी मागणीची चिठ्ठी करतात. एक, इको. दोन, सोनोग्राफी. तीन, मोतीबिंदू. चार, दाढ. पाच, पायाची जखम, सर्जनला दाखवणे. जेलरच्या खोलीतला फोन वाजतो. सिव्हिलमधून. चौतीस वर्षांचा माणूस अतिदक्षता विभागात आहे, अँजिओप्लास्टी झाली. पोलीस पार्टी मात्र अजून पोचलेली नाही, आपले दोन शिपाई तिथेच खाटेशी बसलेत. ते दोघे उद्या सकाळच्या पाळीला धरलेले होते.

मुख्यालयाचा दुसरा फोन: उद्या दवाखान्याला एकच पार्टी, दोन कैदी. त्या पार्टीतून आधी सिव्हिलवरच्यांना सोडवायचं, मग उरेल ते.

कंपाउंडर चिठ्ठीवर रेघा मारतात. इको राहतो. बरंच थांबून सोनोग्राफी राहते. पायाची जखम खोडतात, त्याचं ड्रेसिंग आपण दोनदा करू. मोतीबिंदू खोडतात. दाढ खोडतात.

‘‘दाढवाल्याला काय सांगू?’’ ब्रदर विचारतो. ‘‘चार रात्री झोपला नाही तो.’’

‘‘पॅरासिटामॉल दे, आठ तासांनी. आणि कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या.’’

‘‘कोमट पाणी बराकीत कुठून येणार?’’

कंपाउंडर पेनाचं टोपण लावतात. ‘‘सकाळी चहाच्या बादलीबरोबर मागव. माझं नाव सांग.’’